महालनोबिसांचे अंतर : काम मिळाले, पण योजनेमुळे मिळाले का?

मार्च १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा मसुदा आराखडा केंद्र सरकारपुढे आला. तो तयार करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस अर्थतज्ज्ञ नव्हते. ते मूळचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतःच्या आवडीने झालेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या गणितानुसार पाच वर्षांत ५,६०० कोटी रुपये गुंतवले, तर राष्ट्रीय उत्पन्न दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल आणि १ कोटी १० लाख नवे रोजगार निर्माण होतील. देशातली बेकारी फार तर दहा वर्षांत संपवायची, असे उद्दिष्ट आराखड्यात स्पष्ट लिहिले होते.

दहा वर्षे उलटली, बेकारी संपली नाही. मात्र त्या निमित्ताने एक प्रश्न कायमचा मागे राहिला. सरकारने पैसा खर्च केला आणि लोकांना काम मिळाले, तर ते काम त्या खर्चामुळेच मिळाले, हे कशावरून ठरवायचे? आज जगात अनेक ठिकाणी रोजगार योजनांचे मूल्यमापन करताना या प्रश्नासाठी मशीन लर्निंगची मदत घेतली जाते. गंमत अशी, की या कामात वापरले जाणारे एक जुने आणि भरवशाचे गणिती साधन खुद्द महालनोबिसांनीच १९३६ मध्ये घडवले होते. ते घडवताना रोजगार हा विषय त्यांच्या डोक्यात नव्हता.

चुकलेली गाडी आणि बोटीवरचे वाचन

महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कोलकात्यातील एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन १९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. बेत लंडनला शिकण्याचा होता. एक दिवस ते केंब्रिज पाहायला गेले, परतीची शेवटची गाडी चुकली आणि रात्री मित्राकडे मुक्काम करावा लागला. किंग्ज कॉलेजने त्यांना एवढी भुरळ घातली, की त्यांनी तिथेच प्रवेश घेतला. त्याच काळात केंब्रिजमध्ये असलेल्या श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांची मैत्री झाली.

१९१५ मध्ये भौतिकशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ते सुट्टीसाठी मायदेशी निघाले. पहिले महायुद्ध सुरू असल्याने बोटीला उशीर होत होता. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात एका शिक्षकाने त्यांचे लक्ष ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाच्या खंडांकडे वेधले. सजीवांची मोजमापे घेऊन त्यांवर गणित करणारे ते नियतकालिक होते. महालनोबिसांनी खंडांचा संचच विकत घेतला आणि बोटीवर वाचायला सुरुवात केली. भारतात येऊन ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले, केंब्रिजला परत गेले नाहीत. डोक्यात मात्र मोजमापांचे नवे शास्त्र घोळू लागले होते.

नागपूरची भेट

या वाचनाला खरे काम मिळाले ते नागपुरात. १९२० मध्ये तिथे भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अॅननडेल यांच्याकडे कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापे पडून होती. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण अशा आकड्यांचे करायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता. ते काम महालनोबिसांनी अंगावर घेतले. १९२२ मध्ये त्यावरचा त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढची चौदा वर्षे एक अडचण त्यांचा पिच्छा पुरवत राहिली. दोन समूह एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे एकाच आकड्यात कसे सांगायचे?

ही अडचण वाटते तेवढी साधी नाही. समजा, दोन माणसांच्या उंचीत दहा सेंटीमीटरचा आणि वजनात दहा किलोचा फरक आहे. यातला मोठा फरक कोणता? सेंटीमीटर आणि किलो थेट बेरजेत धरता येत नाहीत. ती गोष्ट समाजात एरवी किती कमी-जास्त होते, ते आधी पाहावे लागते. शिवाय उंच माणूस बहुधा वजनदारही असतो. म्हणजे उंचीतला फरक आणि वजनातला फरक वेगवेगळे मोजले, तर एकच वेगळेपण दोनदा मोजले जाते. महालनोबिसांच्या १९३६ च्या सूत्राने या दोन्ही गोष्टींचा हिशेब एकत्र केला. प्रत्येक गुणाचा फरक त्याच्या नेहमीच्या चढउताराच्या मापाने मोजायचा आणि एकमेकांबरोबर चालणारे गुण दुहेरी धरायचे नाहीत. हेच ‘महालनोबिस अंतर’. डेटा सायन्सच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ते आज शिकावे लागते.

बांध उंच करायचे की नाही

शरीराच्या मोजमापांचे काम चालू असतानाच सरकारी खर्चाचे प्रश्न त्यांच्याकडे येऊ लागले. १९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, म्हणून बांधांची उंची वाढवावी, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिसांनी पाऊस आणि पुराच्या सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. पूर वरच्या खोऱ्यातल्या जादा पावसामुळे आला होता आणि उपाय वरच्या अंगाला धरणे बांधण्याचा होता. डोळ्यांना दिसणारे कारण खरे कारण असतेच असे नाही, आणि चुकीच्या कारणावर केलेला खर्च वाया जातो. हा धडा त्यांनी पुढे सगळीकडे वापरला.

डिसेंबर १९३१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली. प्रेसिडेन्सी कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागातली त्यांची खोली हेच तिचे कार्यालय होते. आकडेमोड करायला अर्धवेळ एक माणूस होता आणि पहिल्या वर्षाचा एकूण खर्च होता २३८ रुपये. १९३३ मध्ये संस्थेचे ‘संख्या’ हे नियतकालिक सुरू झाले.

ताग, भात आणि एक गाजलेला वाद

१९३७ पासून महालनोबिसांनी बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज बांधायला घेतला. प्रत्येक शेत मोजणे महाग होते आणि वेळखाऊही. त्यांनी थोडी शेते यदृच्छ पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. आधी लहान चाचणी, मग थोडी मोठी आणि शेवटी सगळा प्रांत, असे टप्पे ठेवले. सगळ्या शेतांची मोजणी करायला जितका खर्च येई, त्याच्या लहानशा भागात नमुना पाहणी व्हायची आणि तिचा अंदाज व्यापाऱ्यांच्या आकड्यांशी अधिक जुळायचा.

माणसांच्या चुका पकडण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती योजली. एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवायच्या. एकीने काय नोंदवले ते दुसरीला कळू द्यायचे नाही. दोघींचे आकडे जुळले नाहीत, तर गडबड कुठे आहे ते शोधायचे.

तरीही एक चूक या युक्तीलाही सापडत नव्हती. ती दाखवून दिली सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या एका संख्याशास्त्रज्ञाने. पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेव्हा भारतीय कृषी संशोधन परिषदेत काम करत होते. महालनोबिसांच्या पाहणीत शेतातला अगदी लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापून मोजत. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड मोठी ठरते. कडेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. त्यामुळे उत्पन्न फुगवून दिसते. असे हजारो तुकडे कापले तरी चूक कमी होत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला झुकते आणि दोन्ही तुकड्या तीच चूक करतात. दोघांमधला हा वाद बराच काळ चालला. त्यातून निघालेली गोष्ट आजच्या ‘बिग डेटा’च्या काळातही तेवढीच खरी आहे. माहितीचा ढीग वाढवल्याने तिचा कल दुरुस्त होत नाही.

सरासरीत न दिसणारी माणसे

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावी फिरून कुटुंबांची पाहणी केली. दुष्काळाआधी घर कशावर चालत होते, नंतर कशावर चालते, हे विचारले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातून दिसले, की आघात सर्वांवर सारखा नव्हता. शेतमजूर, मासेमार, वाहतुकीची कामे करणारे यांची कुटुंबे सर्वाधिक प्रमाणात निराधार झाली होती. पुढे १९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी दुष्काळावरील आपल्या ग्रंथात याच पाहणीचा आधार घेतला. प्रांताची सरासरी काढून हे कधीच कळले नसते. कोणाचे किती बिघडले, हे गट पाडल्यावरच दिसले.

स्वातंत्र्यानंतर हीच पद्धत देशभर नेण्यात आली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस अध्यक्ष होते, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ सदस्य. पुरेशी माहितीच नाही, हे लक्षात आल्यावर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत १,८३३ खेडी निवडली गेली. त्यांपैकी १,१८९ खेड्यांच्या माहितीची छाननी कोलकात्यात झाली आणि ६४४ खेड्यांची गोखले संस्थेत. १९५५ मधील नवव्या फेरीत रोजगार आणि बेकारीची देशव्यापी चौकशी झाली. पुढच्याच वर्षी संस्थेत भारतातला पहिला डिजिटल संगणक बसवण्यात आला.

म्हणजे आराखडा सादर झाला त्या काळात महालनोबिसांच्या हाती मोजायची यंत्रणा होती आणि लवकरच गणन करायचे यंत्रही येणार होते. नव्हती ती तुलना. योजना न राबवलेला दुसरा भारत कुठेच नव्हता. त्यामुळे निर्माण झालेल्या रोजगारांपैकी योजनेमुळे किती आणि एरवीही झाले असते ते किती, हे वेगळे काढता येत नव्हते.

१९७२ आणि पुढे

२८ जून १९७२ रोजी, ७९ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, महालनोबिस यांचे निधन झाले. त्याच वर्षी दुष्काळाच्या तोंडावर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नमुना पाहणीची २७ वी फेरी सुरू झाली. मुंबईचे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने सुचवल्याप्रमाणे तिच्यात बेकारी तीन प्रकारे मोजली गेली. वर्षभरात माणूस बहुतेक काळ काय करतो, गेल्या आठवड्यात त्याने काय केले आणि त्या आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी काय केले. हंगामी मजुराची बेकारी पहिल्या प्रश्नात लपते आणि तिसऱ्यात दिसते.

मोजणी सुधारली, तरी तुलनेचा प्रश्न तसाच होता. रोजगार हमीच्या कामावर कोण येतो? ज्याला दुसरे काम नाही तो. वर्षाने त्याची मिळकत शेजाऱ्याशी ताडून पाहिली, तर ती कमीच भरेल. म्हणून योजनेने त्याचे नुकसान केले, असे म्हणायचे का? रुग्णालयातली माणसे घरी असलेल्यांपेक्षा जास्त आजारी असतात. त्यावरून रुग्णालय माणसांना आजारी पाडते, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही हीच अडचण आली. २००६ मध्ये सुरुवात २०० मागास जिल्ह्यांपासून झाली. मग त्यांची तुलना उरलेल्या, तुलनेने पुढारलेल्या जिल्ह्यांशी थेट कशी करणार?

यावरचा चोख उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकणे. अमेरिकेत १९७५ मध्ये सुरू झालेल्या एका कार्यक्रमात दीर्घकाळ सरकारी मदतीवर असलेल्या माता, तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडलेले आणि शाळा सोडलेले तरुण यांना ठरावीक मुदतीचे काम देण्यात आले. कोणाला द्यायचे, हे चिठ्ठीने ठरले. त्यामुळे दोन्ही गट सारखे होते आणि फायदा स्पष्ट मोजता आला. १९८६ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लालाँड यांनी चिठ्ठीत मागे राहिलेल्यांना बाजूला ठेवून त्यांच्या जागी राष्ट्रीय पाहण्यांतली माणसे तुलनेला घेतली. प्रचलित पद्धतींनी उत्तरे भलतीच आली, काही तर उलटी. तुलनेची माणसे बदलली आणि उपयोगी योजना नुकसानकारक ठरली.

महालनोबिसांचे सूत्र उपयोगी पडते ते इथे. समूहांसाठी रचलेले ते अंतर संख्याशास्त्रज्ञांनी एकेका व्यक्तीला लावले. योजनेत असलेल्या प्रत्येकासाठी योजनेबाहेरचा असा माणूस शोधायचा, की वय, शिक्षण, जमीन, कुटुंबाचा आकार, आधीची मजुरी या सगळ्यांचा मिळून विचार करता तो सर्वांत जवळचा असेल. मग या जोड्यांची तुलना करायची. कोलकात्यातल्या डोक्यांच्या मोजमापातून आलेले गणित असे बेकारांच्या कामी आले.

मशीन लर्निंगने यात पुढची पायरी गाठली. गुण शेकड्यांनी असले, की ठरावीक सूत्राने काढलेली जवळीक फसते, कारण बिनमहत्त्वाचे गुणही हिशेबात येतात. ‘कॉजल फॉरेस्ट’ या पद्धतीत संगणक माणसांचे पुन्हा पुन्हा गट पाडतो. वय अमुकपेक्षा कमी आहे का, शाळेत जातो का, असे हजारो प्रश्नवृक्ष तयार होतात. अनेक वृक्षांत जी माणसे एकाच फांदीवर येतात, ती एकमेकांच्या जवळची. कोणता गुण महत्त्वाचा, हे माहितीतूनच ठरते. फसगत टाळण्यासाठी माहितीचे दोन भाग करतात. एका भागावर गट पाडायचे आणि दुसऱ्यावर परिणाम मोजायचा. तागाच्या शेतात एकमेकींपासून लांब ठेवलेल्या दोन तुकड्यांशी या खबरदारीचे नाते आहे.

शिकागो शहरातील एक उदाहरण बोलके आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथे गरीब वस्त्यांतील मुलांना आठ आठवड्यांचे अर्धवेळ काम चिठ्ठीने देण्यात आले. १,६३४ मुलांच्या त्या अभ्यासात पुढच्या १६ महिन्यांत काम मिळालेल्यांची हिंसक गुन्ह्यांतील अटक ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. हा सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही मोठा परिणाम. नंतरच्या नोकरीत मात्र सरासरी फायदा दिसेना. पुढच्या वर्षाची माहितीही जोडून कॉजल फॉरेस्टने पाहिल्यावर नोकरीचा फायदा झालेला एक गट सापडला. ती तुलनेने लहान वयाची, शाळेशी अधिक जोडलेली मुले होती. गुन्ह्यांबाबत मात्र संगणकाने पाडलेले गट बाजूला ठेवलेल्या माहितीवर टिकले नाहीत. दुसरा भाग तपासला नसता, तर चुकीच्या गटाला निधी गेला असता.

एवढे असूनही संगणकाला जे सांगितलेच नाही, ते त्याला कळत नाही. कामावर जायची घाई कोणाला किती होती, मुकादमाची ओळख कोणाला होती, घरात आजारी कोण होते, हे नोंदीत नसेल तर जवळची वाटलेली दोन माणसे खरे तर लांबची असतात. हजेरीपटावर खोटी नावे असतील, तर संगणक त्या नावांसाठीही तत्परतेने जोडीदार शोधून देतो. सुखात्म्यांनी दाखवलेल्या कडेवरच्या रोपांची ही नवी आवृत्ती म्हणायची. म्हणून दारोदारी जाऊन नीट प्रश्न विचारणारा अन्वेषक आजही या साऱ्या गणिताचा पाया आहे.

महालनोबिसांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. २०१७ पासून रोजगाराची राष्ट्रीय पाहणी पाच वर्षांऐवजी सातत्याने होऊ लागली आहे, त्यामुळे आकड्यांची टंचाई पूर्वीसारखी नाही. अमुक लाख लोकांना रोजगार दिला, अशी जाहिरात पुढच्या वेळी वाचताना वाचकांनी तीन गोष्टी शोधाव्यात. ही तुलना कोणाशी केली आहे, फायदा नेमका कोणत्या गटाला झाला आणि मूळ नोंद कोणी, कशी घेतली. या तिन्हींची उत्तरे दिलेली नसतील, तर त्या आकड्यातून योजनेचा परिणाम समजत नाही. किती जणांची नावे नोंदली गेली, एवढेच समजते.